मुक्कामाचा शिक्षक

(जोयडा येथे भरलेल्या योगशिक्षकांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)

स्वागताध्यक्ष, व्यासपीठावरचे मान्यवर, बेळगाव, खानापूर, कारवार आणि गोव्याहून आलेले योगशिक्षक बंधुभगिनी, आणि मागच्या दाराशी उभ्या असलेल्या, ‘आत या’ म्हटलं तरी आत न येणाऱ्या बायांनो,

या पदाला आपण कसे अपात्र आहोत, हे सांगून अध्यक्षाने सुरुवात करायची अशी आपल्याकडे रीत आहे. मी ती पाळत नाही. माझी अपात्रता भाषणाच्या मध्यात येणार आहे, तेव्हा जरा दम धरा.

माझा जन्म सुप्याचा. तरुण मंडळींना सुपं म्हटलं की धरण आठवतं. आम्हाला गाव आठवतं. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं तालुक्याचं ठिकाण होतं ते. 101 मीटर उंचीचं धरण झालं, 1987 साली त्याचं काम पुरं झालं, गाव पाण्याखाली गेलं. कचेऱ्या जोयड्याला आल्या आणि आमच्यासारखी कितीतरी घरं रामनगरला गेली. माझ्या आईची कंबर धरली ती तिथे. तिचं निदान साधं होतं: ‘नदी सुटली आणि कंबर धरली.’ डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तिने त्या घेतल्या, पण निदान काही बदललं नाही.

माझं स्वतःचं दुखणं पुढे आलं. चोविसाव्या वर्षी पोती उचलताना मणका सरकला. बेळगावला एका देवळाच्या ओवरीत निवृत्त चित्रकला-शिक्षक पहाटे पाचला वर्ग घेत. पैसे घेत नसत, पण पाच म्हणजे पाच. साडेपाचला गेलं की दार बंद. तीन महिने मला त्यांनी एकही आसन पूर्ण करू दिलं नाही. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एवढंच. चौथ्या महिन्यात मी वाकून चप्पल उचलली तेव्हा ओवरीतली म्हातारी माणसं हसली, आणि मी रडलो. मी या वाटेला लागलो तो असा. दर्शन, पतंजली, मोक्ष वगैरे त्या वेळी काही डोक्यात नव्हतं. चप्पल होती.

इथे बसलेल्या दहा जणांना विचारलं तर सात-आठ जण अशीच काहीतरी गोष्ट सांगतील, असा माझा अंदाज आहे. आणि हे आपलंच नाही, थोरामोठ्यांचंही तसंच आहे. बी. के. एस. अय्यंगार 14 डिसेंबर 1918 रोजी कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूरला जन्मले ते इन्फ्लुएन्झाच्या साथीत, आई आजारी असताना. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय, सगळं झालं. 1934 साली ते म्हैसूरला बहिणीच्या घरी आले. बहिणीचे यजमान म्हणजे योगगुरू टी. कृष्णमाचार्य. या काटकुळ्या मेहुण्याकडे त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. घरातला आवडता शिष्य पळून गेला आणि प्रात्यक्षिकासाठी कोणीतरी हवं होतं, म्हणून याला उभं केलं. अय्यंगारांच्या थोरल्या कन्या गीताताई यांना लहानपणीच मूत्रपिंडाचा विकार झाला. तिथून सुरुवात करून त्या स्त्रियांच्या योगाभ्यासातल्या अधिकारी झाल्या.

पुढची गोष्ट तर आपल्या अंगणातली आहे, आणि ती आपल्याच भागात सांगितली जात नाही याचं मला नवल वाटतं. 1936 साली कृष्णमाचार्य शिष्यांना घेऊन म्हैसूरच्या महाराजांच्या वतीने उत्तर कर्नाटकात प्रात्यक्षिकं करत फिरले. धारवाडला काही स्त्रियांनी शिकण्याची इच्छा दाखवली. परपुरुषाकडे बायकांना कसं पाठवायचं, हा पेच होता. सगळ्यांत लहान म्हणून अय्यंगारांना पुढे केलं. म्हणजे विसाव्या शतकातल्या या नामवंत योगशिक्षकाचा पहिला वर्ग इथून जवळच्या धारवाडात भरला, आणि तो बायकांचा होता! त्याच दौऱ्यात बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी हे प्रात्यक्षिक पाहिलं. ते निवृत्त होऊन पुण्याला गेले आणि 1937 साली त्यांनी डेक्कन जिमखान्यासाठी सहा महिन्यांकरता शिक्षक मागवला. थोडंफार इंग्रजी येतं म्हणून अय्यंगारांची निवड झाली. गंमत म्हणजे मॅट्रिकला ते इंग्रजीतच नापास झालेले.

आता मला एक कबुली द्यायला हवी. आज व्यासपीठावरून अध्यक्षांनी दोनशे तासांच्या प्रमाणपत्रांवर टीका करावी, अशी काही जणांची अपेक्षा आहे. अमेरिकेतल्या योगा अलायन्स या संस्थेने 1999 च्या सुमारास घालून दिलेलं हे दोनशे तासांचं माप आज गोव्याच्या किनाऱ्यापासून गोकर्णापर्यंत चालतं. रोज एक तास धरला तर सात महिनेही होत नाहीत. आपल्या आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाने 2018 पासून परीक्षा आणि पायऱ्या ठरवल्या, ते ठीकच झालं. टीका करणं सोपं आहे. पण मग अय्यंगारांचं काय करायचं? पुण्याला आले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते, पाठीशी जेमतेम तीन वर्षांचा अभ्यास होता. शिष्य त्यांच्याहून थोराड होते, आणि मराठी धड येत नव्हतं. आजच्या कुठल्याही मापाने तो मुलगा नापास झाला असता.

फरक नंतरचा आहे. सहा महिन्यांसाठी आलेला तो मुलगा 20 ऑगस्ट 2014 ला वारला तेव्हा पुण्यातच होता. सत्त्याहत्तर वर्षं! मधे 1952 साली मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन भेटले, 1966 साली ‘लाइट ऑन योगा’ हे पुस्तक निघालं, परदेश झाले. पण मुक्काम हलला नाही. 1975 साली पत्नी रमामणी यांच्या नावाने उभी राहिलेली संस्थाही पुण्यातच. दोर, पट्टे, विटा, खुर्च्या या साधनांचा जो पसारा आज जगभर दिसतो, तो कुठल्या ग्रंथातून आलेला नाही. कुणाचा गुडघा वाकत नाही, कुणाची मान वळत नाही, आणि तोच माणूस पुढच्या मंगळवारी पुन्हा समोर येऊन उभा राहणार आहे, या नडीतून तो आला. जो शिक्षक पुढच्या मंगळवारी दुसऱ्या गावी असतो, त्याला खुर्ची सुचत नाही.

आपल्या जंगलातल्या वैद्यांचंही तसंच आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात नाटी वैद्य नाही असं गाव शोधावं लागेल. झाडपाल्याचं ज्ञान त्यांच्याकडे आहे, हे आपण कौतुकाने सांगतो. मला त्यांची वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. त्यांना पळता येत नाही. ज्याला गुण आला नाही तो रोगी रोज पाणवठ्यावर, देवळात, उळवीच्या जत्रेत भेटतो. त्यामुळे हातात पाला घेण्याआधी वैद्य म्हणतो, ‘हे माझ्या हातचं नाही, तू दवाखान्यात जा.’ हे वाक्य मी अनेक गावठी वैद्यांकडून ऐकलं आहे. योगशिक्षकांकडून फार कमी.

आणि इथे माझी अपात्रता येते.

दुखण्यातून शिक्षक झालेल्या माणसाला एक खोड असते. जे मला लागू पडलं ते सगळ्यांना लागू पडेल, असं तो मनापासून मानतो. त्याचा खरेपणाच त्याला फसवतो. बेळगावात माझा वर्ग चांगला चालायला लागला होता. एक निवृत्त गृहस्थ येत, शिस्तीचे, हौशी. त्यांना मी शीर्षासन शिकवलं, आणि ते रोज पाच मिनिटं करू लागले. त्यांना काचबिंदू आहे हे त्यांनी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. डोकं खाली आणि पाय वर असले की डोळ्यातला दाब वाढतो, हे नेत्रतज्ज्ञाला विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. काही महिन्यांनी ते आले, सतरंजी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘डॉक्टर ओरडले हो.’ पुढे काही बोलले नाहीत. डोळ्याचं किती नुकसान माझ्यामुळे झालं आणि किती व्हायचंच होतं, हे कोणीच सांगू शकत नाही. मी वर्ग मात्र सोडला नाही, कारण ते गृहस्थ त्याच गल्लीत राहत. रोज दिसत. मी त्यांच्याकडून शिकलो ते कुठल्याच शिबिरात शिकलो नाही.

या खोडीवर औषध शोधणारा माणूस मराठीतच झाला. जगन्नाथ गणेश गुणे. मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला संस्कृतचा विद्यार्थी. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात घडला, अमळनेरला मास्तरकी केली, नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासांकडे शिकला, आणि स्वामी कुवलयानंद झाला. 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केलं. नौली ही पोटाची क्रिया करताना आतड्यात दाब किती कमी होतो, हे त्यांनी यंत्र लावून मोजलं. क्ष-किरणांच्या तसबिरी काढल्या. त्या पोकळीला गुरूचं नाव दिलं: ‘माधवदास व्हॅक्युम’. गुरुभक्तीचा इतका नेमका नमुना मला दुसरा माहीत नाही. गुरूवर श्रद्धा होती, म्हणून तर मोजून पाहिलं. 1927 साली गांधीजी रक्तदाबाने आजारी होते तेव्हा त्यांनी आसनांबाबत कुवलयानंदांचा सल्ला घेतला होता. म्हणजे रोगी केवढाही मोठा असो, त्याची नोंद ठेवून, विचारपूस करून शिकवणं ही आपली नवी फॅशन नाही. आपणच ती विसरलो.

औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींचं उदाहरण जाता जाता. सूर्यनमस्काराचा हा प्रचारक राजा आधी कितीतरी वर्षं सँडो या पहिलवानाच्या डंबेल्सवर मेहनत करत होता. वाटा अशाही असतात. दुखणं हा एकच दरवाजा आहे, असं मी म्हणत नाही.

आता जोयड्याकडे येतो. गेली काही वर्षं मी कुणबी वाड्यांवर बायांसाठी वर्ग घेतो. पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने मलासन दाखवलं. एक आजी म्हणाली, ‘हे काय शिकवता? चुलीपुढे आम्ही असंच बसतो.’ सगळ्याजणी हसल्या. भात लावताना, काटक्या गोळा करताना, कंदमुळं खणताना ज्यांचं शरीर दिवसभर वाकतं, त्यांना लवचिकपणा कसला शिकवायचा? त्या दिवशी माझ्या पिशवीतली अर्धी आसनं निकामी झाली.

शेवटी मी शवासन सांगितलं. कोणीच आडवं होईना. मला वाटलं लाजतात. मग त्या आजीने उलगडा केला: ‘उजवाडांत कोण निदता?’ दिवसाउजेडी बाई आडवी झालेली दिसली की ती आजारी असते, नाहीतर आळशी. निजायची त्यांना कोणी परवानगीच दिली नव्हती. मी दार लावून घेतलं, बाहेर ओट्यावर जाऊन बसलो, आणि आतून पंधरा मिनिटं आवाज आला नाही. त्यानंतर वर्ग म्हणजे बहुतेक शवासनच. गुडघ्यांना उशी, कंबरेखाली घडी केलेलं कांबळं, आणि दार बंद. माझ्या आईला हे कोणी दिलं असतं तर, असं मनात येतं. मी तेव्हा तिला भुजंगासन शिकवत होतो.

गणेशगुडीच्या बाजूला रिसॉर्टं आली, तिथे हंगामात योगवर्ग चालतात. त्या मुलामुलींवर माझा राग नाही. त्यांना पगार हवा आहे, आणि नदीकाठी सकाळी केलेला प्राणायाम कोणालाही बाधत नाही. पण ‘मधुमेह बरा होतो’, ‘रक्तदाब कायमचा जातो’ अशा पाट्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या फक्त रिसॉर्टांवर नाहीत, आपल्या मंडळांच्या पत्रकांवरही आहेत. 1954 सालचा औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेहही आहे आणि रक्तदाबही. कायदा बाजूला ठेवा. ज्याला गुण येणार नाही, तो उद्या तुम्हाला बाजारात भेटणार असेल, तर तुम्ही ती पाटी लावाल का?

भाषण लांबलं. मागच्या दाराशी उभ्या बाया अजून उभ्याच आहेत, आणि स्वयंपाकघरातून हाक येते आहे. तेव्हा एकच विनंती करून थांबतो. दारापाशी टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. योगाने कुणाला बरं वाटलं ते तिच्यात लिहू नका, ते आपण सगळीकडे सांगत असतोच. आपल्या शिकवण्याने कुणाला बाधा झाली, कुणाची मान अवघडली, कुणाचा दम वाढला, कोण न सांगता यायचं बंद झालं, ते लिहा. शिष्याचं नाव नको, गाव नको. वय, दुखणं आणि आपण काय शिकवलं होतं, एवढं पुरे. पुढच्या वर्षी भेटू तेव्हा सगळ्यांत आधी ती वही वाचू, सत्कार नंतर.

पहिलं पान मी काल रात्री भरलं आहे. काचबिंदूचं आहे.