पत्र्याचं घर, पण किती दिवसांचं?

आजचा भाग घरावर आहे, तेही ट्रेलरवरून येणाऱ्या घरावर. रील्समध्ये तुम्ही पाहिलंच असेल. ट्रेलरवर एक तयार खोली येते, क्रेन ती उचलून ठेवते, वीज-पाणी जोडलं की झालं घर. कोणी त्याला कंटेनर घर म्हणतं, कोणी मॉड्युलर. पूर आला, आग लागली, डोक्यावरचं छप्पर गेलं, तर आपल्या जळगाव-धुळ्यात अशी घरं द्यावीत का?

माझं मत, द्यावीत. पण काही गोष्टी आधी ठरवून.

गरज आहे का? आहेच. ३१ ऑगस्ट २०२१ ची पहाट चाळीसगावकर विसरलेले नाहीत. तितूर आणि डोंगरी नद्या शहरात शिरल्या. घरांत पाणी, दुकानांत पाणी, गुरं वाहून गेली. अशा वेळी माणसं कुठे जातात? शाळेत, मंदिरात, मंगल कार्यालयात. पण शाळा पुन्हा भरवावी लागते आणि मंगल कार्यालयात लग्न असतं. मग नातेवाइकांची ओसरी, नाहीतर ताडपत्री. या मधल्या काळासाठीच तयार घर कामाचं आहे.

महाराष्ट्रात हे झालेलंही आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले. वाचलेल्या ठाकर कुटुंबांना चौकजवळ कंटेनरमध्ये ठेवलं. भर पावसाळ्यात डोक्यावर छप्पर मिळालं, ही मोठी गोष्ट. कायमची घरं सिडकोनं बांधायला घेतली, एकूण ४४. पण वर्ष उलटून पुढचा पावसाळा आला, तरी कुटुंबं कंटेनरमध्येच होती.

आता जागेचा हिशोब करू. कंटेनर साधारण २० फूट लांब, ८ फूट रुंद. म्हणजे १६० चौरस फूट. शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा नियम होता, माणशी ५० चौरस फूट. म्हणजे एका कंटेनरमध्ये तीन माणसं. पाच जणांच्या घराला दोन कंटेनर लागतात. "एका कुटुंबाला एक" हे ऐकायला छान वाटतं, पण सासू, सून आणि दहावीतली पोरगी एकाच खोलीत कशी राहणार?

त्याच अभियानात आणखी एक नियम होता. दर १ लाख लोकसंख्येमागे १०० जणांचा कायम निवारा. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहर ४ लाख ६० हजार, धुळे ३ लाख ७५ हजार. म्हणजे जळगावात चार, धुळ्यात तीन. तुमच्या शहरात किती आहेत? जाऊन मोजा.

दुसरी गोष्ट आपल्या उन्हाची. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, हे तुम्हाला मी काय सांगायचं! त्यात लोखंडी खोका. दुपारी भिंतीला हात लावून बघा. आपल्या आज्यांची धाब्याची घरं बघा. जाड मातीच्या भिंती, वर लाकूड आणि माती. बाहेर आग, आत गारवा. तयार घर आणायचंच, तर दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं आणा. समोरासमोर खिडक्या ठेवा. वर हातभर अंतर सोडून पऱ्हाटीचा मांडव घाला. पऱ्हाटी आपल्याकडे शिवारात पडलेलीच असते.

तिसरी गोष्ट शेजाराची. १९९५ मध्ये जपानच्या कोबे शहरात भूकंप झाला. सरकारनं हजारो तात्पुरती घरं उभारली, पण लॉटरी काढून वाटली. गल्ल्या फुटल्या. म्हातारी माणसं अनोळखी वस्तीत एकटी पडली, आणि काही जण एकटेच गेले. कोणाला पत्ताही लागला नाही. म्हणून गल्ली उठवली तर गल्लीच एकत्र बसवा. शेजारीण हाक मारायला हवी.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, तारीख. तात्पुरतं म्हणजे किती दिवस? माळीणची दुर्घटना ३० जुलै २०१४ ची, नवी घरं मिळाली एप्रिल २०१७ मध्ये. कोबेतली शेवटची तात्पुरती घरं रिकामी व्हायला पाच वर्षं लागली. तात्पुरतं घर लांबतं, कारण पक्कं घर अडतं.

पक्कं घर कसं अडतं, हे जळगावपेक्षा कोण जास्त जाणतं? नव्वदच्या दशकात तेव्हाच्या नगरपालिकेनं झोपडपट्टीतल्या लोकांसाठी ११ हजारांवर घरकुलं बांधायला घेतली. पूर्ण झाली दीड हजारांच्या आसपास. २००६ मध्ये गुन्हा दाखल झाला, खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला. ऑगस्ट २०१९ मध्ये ४८ जणांना दोषी ठरवलं गेलं, आणि निकालाविरुद्ध अपिलंही झाली. कोर्टाचं काम कोर्ट करेल. पण ज्याचं नाव यादीत होतं, त्याचं पोरगं एवढ्या वर्षांत त्याच झोपडीत वाढून बाप झालं असेल.

म्हणून कंटेनर बघून लगेच टाळ्या वाजवू नका. तो येतो त्या दिवशी फोटो निघतात. तुम्ही तिथे चार प्रश्न विचारा. पक्क्या घराची जागा कुठली? ती कुटुंबाच्या नावावर कधी होणार? पैसा कोणत्या योजनेतून? इथून बाहेर पडायची तारीख काय? ही उत्तरं कागदावर, तारखेसह असतील, तर तो खोका म्हणजे आधार आहे. नसतील, तर ती पत्र्याची नवी झोपडपट्टी आहे, फक्त क्रेननं ठेवलेली.

तुमच्या गावात पुरानंतर किंवा आगीनंतर कोणी अजून शेडमध्ये राहत असेल, तर त्यांना विचारून आम्हाला व्हॉइस मेसेज पाठवा. नाव नको, गाव आणि वर्ष सांगितलं तरी पुरे. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि दुपारी उन्हात फिरू नका!