अकराव्या सर्व्हरचे लॉग कुठं गेले?

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल, पण याच्यापायी माझी पहिली नोकरी जाता जाता राहिली.

मी गंगापूरचा. बीटेक झालं आणि वाळूजच्या एका कंपनीत लागलो. सगळ्या सर्व्हरचे लॉग एका मशीनवर गोळा करायचं काम माझ्याकडं आलं. सिसलॉग-एनजी टाकलं, चाललं, विसरलो. तेव्हा सर्व्हर होते 9. वर्षभरात 12 झाले.

एका सोमवारी बिलिंगच्या काही नोंदी बदललेल्या दिसल्या. साहेब म्हणाले, "लॉग काढ." बघतो तर त्या सर्व्हरची आठवडाभर एक ओळ नाही! लोकल फाइलही आम्ही ठेवत नव्हतो. सगळ्यांना वाटलं, ह्यानंच पुसले.

रात्री लॉग मशीनचा स्वतःचा लॉग उघडला. दर मिनिटाला तीच तक्रार: कनेक्शनची मर्यादा संपली, नवीन नाकारतोय, कमाल 10.

टीसीपीवर सिसलॉग-एनजी मुळात 10च कनेक्शन घेतं. आरसिसलॉगमध्ये हाच आकडा 200 आहे. आणि ही कनेक्शन्स सुटत नाहीत. आमच्याकडची काळी-पिवळी आठवा: आधी बसला त्याची सीट, उरलेले स्टँडवर. आठवड्यापूर्वी लाइट गेली, सगळं रीस्टार्ट झालं आणि बिलिंगचा नंबर मागं पडला. वाट पाहता पाहता त्याचा बफर भरला, पुढच्या ओळी गळाल्या.

ती तक्रार दाखवली म्हणून मी वाचलो. नोंदी कुणी बदलल्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणं लॉग 180 दिवस ठेवावे लागतात. आमच्याकडं आलेच नव्हते, ठेवणार काय?

मग मॅक्स-कनेक्शन्स 50 केलं. लाखभर टाकायचा मोह होतो, टाकू नका. लॉग-आयडब्ल्यू-साइझ नावाची दुसरी सेटिंग आहे, ती या आकड्यानं भागली जाते. 50 कनेक्शनला 5000 दिलं, म्हणजे प्रत्येकाला 100 ओळींची जागा. कनेक्शन शेकड्यांत असतील तर सिस्टमडीची ओपन फाइलची मर्यादाही बघा.

नंतर रीस्टार्ट करून प्रत्येक सर्व्हरवरनं लॉगर कमांडनं एकेक ओळ पाठवली आणि पलीकडं मोजली. बारा आल्या. आता नवा सर्व्हर जोडला की आधी हेच करतो.

चला, भेटू पुढच्या भागात.