अण्णांची गाडी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या मनोगताचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'निवृत्तीनंतरचा छंद' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. बाकीच्या मैत्रिणींनी बागेबद्दल, भजनी मंडळाबद्दल छान सांगितलं. माझ्याकडे दाखवण्यासारखं एवढंच आहे: अर्धवट उघडून ठेवलेला एक ट्रक. आठ वर्षं झाली. तो अजून रस्त्यावर आलेला नाही आणि येणारही नाही. पण त्याचं काय करायचं हे यंदा ठरलं, आणि ते ठरवताना मला एक चूक कबूल करावी लागली. ती आपल्याच वर्गाशी निगडित आहे, म्हणून इथे बोलते.

तो ट्रक तुम्ही पाहिला आहे. निम्मे जण त्यात बसलेही आहेत. 1978 च्या डिसेंबरात तालुक्याच्या क्रीडास्पर्धांना जायला एसटी मिळाली नाही, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गुळाची खेप उतरवून गाडी थेट शाळेच्या फाटकाशी लावली होती. खाली रिकामी पोती अंथरली, मुली पुढे आणि मुलं फाळक्याकडे. पोत्यांना गूळ लागलेला, त्यामुळे सगळ्यांना मुंग्या चावल्या. पी.टी.च्या सरांनाही. सर हसताहेत, म्हणजे आठवतंय.

गाडी 1961 सालची, टाटा मर्सिडीज-बेंझ. लांब नाकाची, पुढच्या जाळीवर तीन टोकांचा तारा. टेल्को आणि जर्मनीच्या डायमलर-बेंझ कंपनीचा करार 1954 साली झाला आणि त्याच वर्षी जमशेदपूरला ट्रक तयार होऊ लागले. पंधरा वर्षांनी, 1969 मध्ये, करार संपला, आणि पुढे ताऱ्याच्या जागी टाटांचा 'टी' आला. अण्णांनी आमची गाडी 1968 मध्ये जुनी म्हणूनच घेतली. कराडहून गुळाच्या ढेपा मुंबईला न्यायच्या, येताना सिमेंट, किराणा, जे मिळेल ते आणायचं. वाटेत खंबाटकी, कात्रज आणि खंडाळा असे तीन घाट. खंडाळ्याच्या घाटात शिंगरोबाला नाणं टाकल्याशिवाय अण्णा पुढे गेले नाहीत. या गाडीवर आम्ही तिघं भावंडं शिकलो. 1991 मध्ये ती घरामागच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. 2009 मध्ये अण्णा गेले.

2016 मध्ये मी बँकेतून निवृत्ती घेतली आणि ठरवलं, गाडी पुन्हा उभी करायची. एकटीने शक्य नव्हतं. मी आपल्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री म्हणजे मागच्या बाकावरचा आपला वर्गमित्र. दहावीत नापास झाला आणि 1979 च्या जूनपासून अण्णांच्या गाडीवर क्लीनर म्हणून आला. पुढे ड्रायव्हर झाला, मग फिटर, आणि आज हमरस्त्यावर त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. वर्गात आम्ही मुली-मुलं एकमेकांशी बोलत नव्हतो. गाडीवर आल्यावर तो मला 'ताई' म्हणू लागला, माझ्याच वयाचा असून. मी मात्र त्याला नावाने हाक मारत राहिले. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिली दोन वर्षं काम झपाट्याने झालं. बॉडी उतरवली. केबिन लाकडी, कराडच्या सुताराने बांधलेली. ती वाळवीने पोखरली होती. चॅसीला दोन ठिकाणी चीर जाऊन वरून पट्ट्या मारलेल्या. कमानपाट्यांत जादा पान घातलेलं, ओझं वाढवण्यासाठी. सुट्या भागांसाठी पुण्याचा जुना बाजार आणि कुर्ल्याचं भंगार मार्केट पालथं घातलं. दिव्याच्या कडा मिळाल्या, जाळी मिळाली, एक ताराही मिळाला.

आणि मग इंजिनावर घोडं अडलं. मिस्त्री म्हणाला, "ताई, हे इंजिन मूळचं नाही. अण्णांनी नंतर बदललंय."

मला हे पटेना. लहानपणी पहाटे अण्णा गाडी सुरू करायचे ते मला लख्ख आठवत होतं. त्या जुन्या मर्सिडीज इंजिनाला आधी हीटर द्यावा लागे. डॅशबोर्डवर जाळीमागे तारेचं एक छोटं वेटोळं होतं. अण्णा बटण ओढून धरायचे, मी शेजारी बसून बघायची. वेटोळं लालभडक झालं की मी ओरडायचं, "झालं!" आणि मग ते स्टार्टर मारायचे. माझ्या लेखी ते लाल वेटोळं म्हणजेच अण्णांची गाडी. मिस्त्री म्हणत होता, "मी बारा वर्षं या गाडीवर होतो, ती तार एकदाही लाल झालेली पाहिली नाही. आहे तेच इंजिन बांधू या."

मी ऐकलं नाही. मला मूळचं इंजिन हवं होतं, सहा सिलिंडरचं, 'ओएम 312'. परगावच्या एका व्यापाऱ्याला 60 हजार रुपये आगाऊ दिले. इंजिन आलं, उघडलं, तर ब्लॉकला चीर. पैसे गेले ते गेलेच. मिस्त्री एवढंच म्हणाला, "मी सांगितलं होतं." तेव्हा त्याच्या गॅरेजमध्ये, त्याच्या दोन पोरांसमोर मी म्हणाले, "दहावी नापास माणसाच्या सल्ल्याने चालले असते, तर बँकेत इतकी वर्षं टिकले नसते."

तो काही बोलला नाही. हात पुसले आणि दुसऱ्या गाडीखाली गेला. ही 2019 ची गोष्ट. त्यानंतर काम बंद. लोकांना मी सांगत राहिले की पार्ट मिळत नाहीत, मग लॉकडाऊन आला, मग गुडघे दुखतात. सगळी कारणं खरी होती, पण काम थांबलं त्या एका वाक्याने.

यंदा भावाने घर बांधायला काढलं आणि शेड रिकामी करायला सांगितलं. तो म्हणाला, "अक्का, गाडी विक नाहीतर भंगारात दे, पण दिवाळीपर्यंत जागा मोकळी कर." मी सवयीप्रमाणे कागदावर रकाने आखले.

पहिला रकाना भंगाराचा. भंगारवाल्याने किलोवर भाव लावला, एकूण 85 हजार. दुसरा, आहे तशी विकणं. शहरातून एक हॉटेलवाले बघायला आले. त्यांना फक्त नाक हवं होतं. बॉनेटच्या मागे कापून भिंतीवर बसवणार होते. तिसरा, पूर्ण करून रस्त्यावर आणणं. त्यासाठी नियम पाहिले. 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणी आणली, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. पण ती दुचाकींना आणि प्रवासी मोटारींना. मालट्रक त्यात बसत नाही. म्हणजे मी डोळ्यांसमोर जे चित्र ठेवलं होतं, चकचकीत गाडी, पुढे तारा, मी शेजारच्या सीटवर आणि गाडी खंडाळ्याच्या घाटात, ते होणारच नव्हतं.

खर्चाचा अंदाज जुळवायला मी अण्णांच्या जमाखर्चाच्या वह्या काढल्या. 1978 च्या मे महिन्याच्या पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'इंजिन बदलले.' समोर रक्कम. आणि त्याच्याच वर जमेच्या बाजूला: 'सोनार, पाटल्या 4.' आईच्या पाटल्या गेल्या हे मला माहीत होतं. त्या कशासाठी गेल्या हे घरात कोणी कधी बोललं नव्हतं. जे इंजिन मी 'मूळचं नाही' म्हणून बाजूला काढलं होतं, ते आईच्या पाटल्यांचं होतं. आणि तुम्हा सगळ्यांना स्पर्धांना घेऊन गेलं तेही तेच.

तेव्हा मला मिस्त्रीचं म्हणणं कळलं. गाडी कारखान्यातून निघाली तशी एकदाच होती. त्यानंतर तीस वर्षं ती रोज थोडी बदलत गेली. तुटलं की जोडलं, झिजलं की बदललं. मी जी उभी करायला निघाले होते ती अण्णांनी विकत घेतलेली गाडी. अण्णांनी चालवत ठेवलेली गाडी तर त्या पट्ट्यांत आणि जादा पानात होती, आणि ती मिस्त्रीला माझ्याहून जास्त माहीत होती.

मी वही घेऊन गॅरेजवर गेले. त्याच दोन पोरांसमोर माफी मागितली, कारण बोलले त्यांच्यासमोर होते. मिस्त्रीने वही बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "इंजिन कधी आणू?"

आता ठरलं ते सांगते. गाडी रस्त्यावर जाणार नाही. पण इंजिन चालेल, ब्रेक लागतील आणि आवारात ती स्वतःच्या चाकांवर फिरेल. इंजिन अण्णांचंच. चॅसीच्या पट्ट्या तशाच ठेवायच्या, फक्त गंज काढून रंग द्यायचा. केबिन नव्याने लाकडाचीच. गाडी राहील मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये आणि मालकी निम्मी त्याची. त्याच्याकडे आयटीआयची डिझेल मेकॅनिकची मुलं शिकायला येतात. 2020 पासून सगळ्या नव्या गाड्या बीएस-6 झाल्या. बिघाड शोधायला आधी कॉम्प्युटर जोडावा लागतो. या इंजिनात सगळं डोळ्यांना दिसतं. हातपंप मारून डिझेलमधली हवा काढायची, बुडबुडे थांबले की स्क्रू आवळायचा. एकेका नोजलच्या पाइपचं नट सैल करायचं आणि आवाज ऐकायचा. आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करतोय, बदलला नाही तर दोष तिथेच. मिस्त्री हे शिकवतो तेव्हा मी मागे उभी राहून ऐकते. आपल्या मागच्या बाकावर इतका चांगला शिक्षक बसला होता, हे कोणाला माहीत होतं?

गेल्या महिन्यात इंजिन सुरू झालं. आधी पांढरा धूर, मग काळा, मग मोकळं चालू लागलं. वेटोळं लाल झालं नाही. मी तरी "झालं!" म्हणून ओरडलेच. ब्रेक आणि केबिन अजून बाकी आहेत. अकरा कामांची यादी गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिली आहे.

आता दोन गोष्टी मागते. पहिली संयोजकांकडे. या मेळाव्याची यादी दहावी पास झालेल्यांवरून केली होती, त्यामुळे मिस्त्रीचं नाव त्यात नव्हतं. तो आज माझ्या आग्रहाने आला आहे आणि सवयीने शेवटच्या रांगेत बसला आहे. पुढच्या वेळी यादी हजेरीपटावरून करा. त्याच्यासारखे आणखी नऊ जण आहेत, मी मोजले.

दुसरी तुम्हा सगळ्यांकडे. मागच्या फाळक्यावर अण्णांनी पेंटरकडून एक ओळ लिहून घेतली होती. ती मला आठवत नाही. मिस्त्रीला आठवते, पण तो म्हणतो 1980 मध्ये ती बदलली होती, आधीची त्याला माहीत नाही. स्पर्धांच्या दिवशी ढाल घेऊन आपण गाडीमागे उभे राहिलो होतो आणि फोटो निघाला होता. तो कोणाच्या पेटीत, अल्बममध्ये असेल तर कृपा करून शोधा. फाळका रंगवायचा थांबवला आहे.

आणि गाडी बघायला गॅरेजवर जरूर या. चढायला शिडी नाही, फाळका पाडूनच चढावं लागेल. मुंग्या मात्र आता नाहीत.