वाटणी म्हणजे फाळणी नव्हे



मिरजेत माझा एक लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची हस्तपत्रकं, मधूनच एखाद्या होतकरू कवीचा संग्रह. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता लिहितो आणि पोटासाठी दुसऱ्यांचा मजकूर जुळवतो. एकेकाळी हे सगळं खिळ्यांवर चालायचं, पुढे संगणक आला. एकच संगणक. त्याच्यावर पत्रिका जुळवायच्या, त्याच्यावरच बँकेचा व्यवहार आणि जीएसटीची विवरणपत्रं भरायची, गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह लावायचा तोही त्यालाच, आणि रात्री शटर अर्धं ओढून कविता लिहायची तीही त्याच्यावरच.

२०१९ साली माझ्या धाकट्या भावाच्या मुलाचं लग्न ठरलं. पुतण्या आनंदानं पत्रिकेचा मजकूर आणि फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन आला. मी तो लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू केला तर एकही फाइल उघडेना. प्रत्येक फाइलीच्या नावाला एक विचित्र शेपूट चिकटलेलं आणि पडद्यावर इंग्रजीत निरोप: पैसे भरा, फाइली सोडवून घ्या. सरळ भाषेत खंडणी. ती मी भरली नाही. गिऱ्हाइकांची कामं गेली, हिशेब गेले. आणि माझ्या आईच्या मागे मी तीन वर्षांत लिहिलेल्या बासष्ट कविता गेल्या. दुसरी प्रत मी कुठंच ठेवली नव्हती. आठवून आठवून एकतीस जमवल्या. उरलेल्या एकतीस आजही सापडलेल्या नाहीत.

त्या रागात मी भावाला फोन केला आणि बोलू नये ते बोललो. "तुझ्या पोरानं माझं घर जाळलं," असं म्हणालो. लग्नाला गेलो, पण पाहुण्यासारखा. त्यानंतर दीड वर्ष आम्हा भावांत ईदेच्या सलामापलीकडे शब्द नव्हता.

माझी लेक पुण्यात मोटारींसाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम करते. २०२० च्या टाळेबंदीत ती घरून काम करण्यासाठी मिरजेला आली. एका रात्री मी पुन्हा त्या पेन ड्राइव्हचं रडगाणं काढलं, तेव्हा ती म्हणाली, "अब्बा, चाचांच्या पेन ड्राइव्हचा दोष थोडा, तुमचा जास्त. तुम्ही तिजोरी, स्वयंपाकघर आणि रस्ता हे सगळं एकाच खोलीत मांडलंत. कुणीतरी चिखलाचे पाय घेऊन येणारच होतं." मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही.

मग तिनं सांगितलं, आपण या एका यंत्राची चार यंत्रं करू. मी विचारलं, "कशी? फाळणी करणार?" ती हसली. म्हणाली, "इंग्रजीत पार्टिशनच म्हणतात." श्रोतेहो, माझ्यासारख्या नावाच्या माणसाला हा शब्द जरा टोचतो. फाळणी म्हटलं की डोळ्यांसमोर आगगाड्या येतात. मी म्हणालो, "दुसरा शब्द शोध." बराच वेळ विचार करून तीच म्हणाली, "आपल्या शेताची झाली ती काय होती?" वाटणी! हा शब्द मला पटला. आजचं माझं बोलणं या वाटणीबद्दलच आहे.

ज्या युक्तीनं एका यंत्राची अनेक यंत्रं भासवता येतात ती तशी जुनी आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज गावी आयबीएमच्या माणसांनी ती प्रथम साधली. तेव्हाचे संगणक खोलीएवढे आणि प्रचंड महाग. प्रत्येक वापरणाऱ्याला वाटावं की अख्खं यंत्र आपलंच आहे, अशी सोय त्यांनी केली, आणि १९७२ साली कंपनीनं ती बाजारात आणली. पुढे २००३ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या विद्यापीठातून 'झेन' नावाचा असाच एक कार्यक्रम बाहेर आला. तो कुणालाही फुकट वापरता येतो. २००५-०६ पासून इंटेल आणि एएमडी या कंपन्यांनी आपल्या साध्या प्रोसेसरमध्येच त्यासाठी सोय करून दिली. म्हणून जे खोलीएवढ्या यंत्रात होत होतं ते माझ्या टेबलाखालच्या डब्यात होऊ शकलं.

असा कार्यक्रम म्हणजे हायपरवायझर. संगणकाची व्यवस्था पाहणारी जी नेहमीची प्रणाली, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स, तिचा गाभा म्हणजे सुपरवायझर, गिरणीतल्या मुकादमासारखा. हायपरवायझर हा मुकादमांवरचा मुकादम. पण लेकीनं मला दिलेला दाखला वेगळा होता. "तो मोजणीवाल्यासारखा समजा," ती म्हणाली. "येतो, साखळी टाकतो, दगड पुरतो आणि बाजूला होतो. रोजच्या नांगरटीत लुडबूड करत नाही. कुणी बांध कोरायला लागला तर मात्र तिथल्या तिथे हात धरतो."

बांध कोरणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. आमचे वडील गेल्यावर कृष्णाकाठच्या उसाच्या जमिनीवरून आम्हा भावांत अशीच कुरबूर होती. दर वर्षी बांध वीतभर इकडे नाही तर तिकडे सरकायचा. सरकारी मोजणी झाली, दगड पुरले गेले आणि त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं त्याच बांधावर बसून भाकरी खाल्ली. हद्द पक्की झाल्यावर भांडायला काही उरलंच नव्हतं.

आता प्रत्यक्ष काम कसं झालं ते सांगतो. जुना संगणक बाजूला ठेवून आम्ही सहा गाभ्यांचा प्रोसेसर आणि १६ जीबी मेमरी असलेला एक वापरलेला संगणक घेतला. तो सुरू होताना अगदी पहिली जी निळी पाटी उघडते तिच्यात लेकीनं दोन खटके चालू केले. पहिला खटका एका यंत्रात अनेक यंत्रं चालवू देणारा. दुसरा तिच्या मते जास्त महत्त्वाचा. संगणकातली नेटवर्कची किंवा यूएसबीची कार्डं ही मेमरीत थेट लिहू शकतात, प्रोसेसरला न विचारता. म्हणजे घरातल्या गड्याकडे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या असाव्यात तसं. हा दुसरा खटका प्रत्येक कार्डाला फक्त त्याच्या खोलीची किल्ली देतो.

मग तिनं झेन बसवला आणि चार खोल्या बांधल्या. नावं वाड्यासारखी ठेवली. गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह आणि ई-मेल यांच्यासाठी 'ओसरी'. बँक आणि जीएसटीसाठी 'पेढी'. पत्रिका जुळवण्यासाठी 'छापखाना'. आणि माझ्या कवितांसाठी 'माजघर'. या सगळ्यांच्या आधी जागा होणारी एक छोटी प्रणाली असते, तिला झेनमध्ये डोमेन झिरो म्हणतात. तिचं नाव आम्ही 'कारभारी' ठेवलं. पडदा, कळफलक आणि खोल्या उघडण्याचा अधिकार कारभाऱ्याकडे. पण इंटरनेट त्याला मुळीच नाही. ज्याच्या हाती सगळ्या किल्ल्या, त्यानं बाजारात जायचं नाही, हा नियम.

सहा गाभ्यांपैकी दोन छापखान्याला, बाकीच्यांना एकेक. मेमरी छापखान्याला ४ जीबी, पेढीला आणि ओसरीला ३-३, माजघराला २, कारभाऱ्याला २. उरलेल्यातली थोडी हायपरवायझरला स्वतःला लागते, बाकीची गायरान म्हणून तशीच ठेवली. प्रत्येक गाभा एकाच खोलीच्या खुंटीला बांधलेला. मी विचारलं, "रात्री छापखाना बंद असतो, तेव्हा त्याचे दोन गाभे माजघराला का देत नाहीस? वाया जातात." ती म्हणाली, "कविता लिहायला गाभे कशाला लागतात, अब्बा?" मग गंभीर होऊन म्हणाली की, उसनवारी सुरू झाली की हिशेब सुरू होतो, आणि हिशेबात फट राहते. मोटारीत एकाच चिपवर वेग दाखवणारी पाटीही चालते आणि गाणीही वाजतात. गाणं अडकलं तरी चालतं, पण वेगाचा आकडा क्षणभरही थांबून चालत नाही. म्हणून तिथे अशीच कायमची वाटणी करतात. थोडं वाया जातं, त्या बदल्यात खात्री मिळते. सीमेन्स कंपनीनं २०१३ साली याच विचारानं एक हायपरवायझर खुला केला. त्याचं नाव 'जेलहाऊस', त्यातल्या खोल्यांना म्हणतात कोठड्या आणि आत चालणाऱ्या कार्यक्रमांना कैदी. आमची वाड्याची नावं बरी, असं मला वाटलं.

पेन ड्राइव्हसाठी बाजारातून एक वेगळं यूएसबी कार्ड आणलं आणि ते अख्खं ओसरीला देऊन टाकलं. त्या खाचांत काहीही घाला, ते ओसरीपलीकडे कुणाला दिसतच नाही. नेटवर्कची कार्डं दोन, एक ओसरीला, एक पेढीला. छापखान्यात अजून जुनं विंडोज एक्सपी आहे, कारण आमचं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर आणि त्याचं यूएसबी कुलूप त्याच्यावरच चालतं. एक्सपीची डागडुजी कंपनीनं २०१४ मध्येच थांबवली. म्हणून त्याला नेट नाही. माजघराला नेट नाही, पेन ड्राइव्ह नाही, काहीच नाही. नुसता कागद आणि दौत.

मग गिऱ्हाइकाचा मजकूर छापखान्यात जातो कसा? एका खिडकीतून. फाइल ओसरीत उघडायची, तिचा साधा मजकूर आणि साधं चित्र करायचं आणि तेवढंच कारभाऱ्यानं आत सरकवायचं. फाइलीच्या पोटात दडलेलं जे काही असेल ते ओसरीतच राहतं. आणि ओसरी घाण झाली तर? झाली, दोनदा झाली. दोन्ही वेळा लेकीनं शिकवल्याप्रमाणे ओसरी पुसून टाकली आणि जपून ठेवलेल्या कोऱ्या प्रतीवरून पुन्हा उभी केली. चहा निवायच्या आत काम झालं.

पण श्रोतेहो, भिंत बांधली म्हणजे झोप लागली असं समजू नका. २०१५ साली अशाच यंत्रांच्या भिंतीत एक भगदाड सापडलं. ते होतं फ्लॉपीची नक्कल करणाऱ्या जुन्या भागात. फ्लॉपी जगातून गेली होती, पण तिच्यासाठी ठेवलेलं दार कुणी बुजवलं नव्हतं. ती चूक २००४ पासून तिथे होती. जानेवारी २०१८ मध्ये तर याहून मोठी गोष्ट उजेडात आली. प्रोसेसर घाईघाईनं पुढचं काम आधीच करून ठेवतो, त्याच्या खाणाखुणा मागे राहतात, आणि त्यांवरून भलत्या कार्यक्रमाला दुसऱ्याचं गुपित ताडता येतं. भिंतीला कान असतात ही आपली म्हण यंत्रालाही लागू पडली. तेव्हा डागडुजी चालू ठेवावी लागते, आणि नको ती दारं बुजवावी लागतात.

लेकीनं आणखी एक गोष्ट बजावली. भिंत म्हणजे दुसरी प्रत नव्हे. डिस्क जळाली तर चारही खोल्या एकदमच जातील. म्हणून दर जुम्म्याला मी माजघराची नक्कल वेगळ्या डिस्कवर घेतो आणि ती कपाटात, आईच्या जानमाजशेजारी ठेवतो.

मला विचाराल, तर या सगळ्यात मी काय शिकलो? मी घरात दखनी बोलतो, मराठीत लिहितो, नमाज अरबीत पढतो. माझ्या डोक्यात या तिन्ही भाषांमध्ये कसलीच भिंत नाही आणि ती नसावीच. कविता तिथूनच येते. माणसांच्या मनात भिंती नकोत, हे मी आयुष्यभर लिहीत आलो. पण ज्या यंत्राला आपलं कोण आणि परकं कोण हे कळत नाही, त्याच्यात मी भिंत घातली नव्हती, आणि ती नव्हती म्हणूनच मी सख्ख्या भावाशी भिंत उभी केली. एका खोलीत सगळं असलं की येणाऱ्या प्रत्येकाचा संशय येतो. ओसरी वेगळी असली की कुणालाही "या, बसा" म्हणता येतं.

गेल्या वर्षी पुतण्याला मुलगी झाली. तो अकीक्याच्या दावतीची पत्रिका छापायला आला. पेन ड्राइव्ह खिशातून काढला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. "बडे अब्बा, मजकूर कागदावर लिहून देऊ का?" असं त्यानं खाली बघत विचारलं.

मी तो त्याच्या हातून घेतला आणि ओसरीच्या खाचेत लावला. मग भावाला फोन करून म्हटलं, "पोरगा इथं बसलाय. तूही ये, चहा टाकलाय."

तो आला. मुलीचं नाव त्यांनी आमच्या आईचं ठेवलं होतं. त्या रात्री माजघरात बसून मी बत्तिसावी कविता लिहिली. ती हरवलेल्यांपैकी नाही, नवी आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)