नाटककारांचे मौन आणि एकांकिका

मराठी एकांकिकेच्या आजच्या अवस्थेचे खापर प्रेक्षकांवर, दूरचित्रवाणी मालिकांवर किंवा शासनाच्या उदासीनतेवर फोडण्याची प्रथा आहे. या मेळाव्याच्या अध्यक्षपदावरून ते एकांकिका लिहिणाऱ्यांच्याच माथी फोडले जात आहे, आणि ते अनेकांना रुचणार नाही हे गृहीत धरूनच फोडले जात आहे. कवी दुसऱ्या कवीच्या संग्रहावर लिहितो, कथाकार नवख्या कथाकाराला प्रस्तावना देतो, कादंबरीकार एकमेकांवर तुटून पडण्यासाठी का होईना, पण लेखणी उचलतात. एकांकिकाकार मात्र सहकाऱ्याच्या चांगल्या एकांकिकेचे कौतुक नाट्यगृहामागच्या टपरीवर, तेही अर्धा चहा संपेपर्यंत करतो, आणि मग स्वतःच्या तालमीला निघून जातो. छापील, सही असलेली आणि कारणे देणारी शिफारस त्याच्या हातून होत नाही. ही कामगिरी त्याने परीक्षकांवर सोपवली आहे आणि परीक्षकांनी ती गुणपत्रिकेवर.

एकांकिका म्हणजे एका अंकात, मध्यंतराविना, साधारणतः अर्ध्या तासापासून तासाभरापर्यंत चालणारे नाटक, अशी तिची ओळख करून दिली जाते. ती चुकीची नसली तरी घड्याळापुरती आहे. दोन अंकी नाटकाला पात्रांचा भूतकाळ सावकाश उलगडता येतो, एकांकिकेला माणसे जिथून मागे फिरता येत नाही अशा जागीच गाठावी लागतात, आणि म्हणून तिची शिस्त नाटकापेक्षा कथेच्या आणि काही वेळा कवितेच्या अधिक जवळची असते. दिवाकर या नावाने लिहिणाऱ्या शंकर काशिनाथ गर्गे यांनी ५१ नाट्यछटा लिहिल्या. नाट्यछटा म्हणजे एकाच पात्राच्या बोलण्यातून समोरची न दिसणारी माणसे आणि प्रसंग उभा करणारा छोटेखानी प्रकार. एवढ्याशा जागेत ढोंगाचा बुरखा फाडता येतो हे त्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सिद्ध करून ठेवले होते. पुढे पु. ल. देशपांडे, विजय तेंडुलकर, रत्नाकर मतकरी, महेश एलकुंचवार, सतीश आळेकर आणि प्रेमानंद गज्वी यांनी एकांकिकेला जे दिले ते त्यांच्या मोठ्या नाटकांची पूर्वतयारी म्हणून वाचणे हा आळस आहे. गज्वी यांची दोन पात्रांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका कोणत्याही मोठ्या नाटकाची पायरी नाही. अस्पृश्यतेचा प्रश्न तिने एका घोटाएवढा लहान केला, आणि म्हणूनच तो कोणालाही टाळता आला नाही.

आज एकांकिका जगते ती स्पर्धेवर. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली सुरू केलेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा, वर्षभरात इतरत्र पहिल्या आलेल्या एकांकिकांना निवडून २५ जानेवारीच्या रात्री झुंजवणारी चतुरंग प्रतिष्ठानची सवाई, लोकसत्ता या दैनिकाची लोकांकिका आणि गावोगावचे असंख्य करंडक नसते, तर निम्म्याहून अधिक मराठी नटांना रंगमंच दिसला नसता. हे ऋण मान्य केल्यावरही असे म्हणणे भाग आहे की स्पर्धेने एकांकिकेला प्रेक्षक दिला आणि वाचक हिरावून घेतला. नेपथ्य, प्रकाश आणि संगीत या तांत्रिक अंगांना पारितोषिक न देण्याची पुरुषोत्तमची परंपरा लेखनाकडे लक्ष वेधण्यासाठी होती, हे आज किती स्पर्धकांना आठवते? बहुतेक ठिकाणी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सकाळपासून सहा प्रयोग पाहून कंटाळलेला परीक्षक असतो. म्हणून पहिल्या मिनिटाला काळोखात किंकाळी येते, मधे कारण नसताना समूहाने लयीत पाय आपटले जातात, आणि शेवटच्या दोन मिनिटांत एक रहस्य फुटते. ज्या पात्राशी आतापर्यंत सगळे बोलत होते ते मुळी केव्हाच मेलेले होते, असे कळते. टाळ्या पडतात. ही क्लृप्ती पहिल्यांदा वापरणाऱ्याला गुण देणे योग्यच होते, विसाव्यांदा वापरणाऱ्याला ते देण्यात न्याय कोणता, हा प्रश्न दुसऱ्या नाटककाराने विचारायला हवा होता. तो विचारला जात नाही, कारण पुढच्या वर्षी तोच परीक्षक आपल्याही प्रयोगाला बसणार असतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी त्या वर्षी करंडकाच्या योग्यतेची एकही एकांकिका नाही असा निर्णय दिला आणि करंडक कोणालाच दिला नाही. त्यावर वादळ उठले. परीक्षक उद्धट आहेत असे एक बाजू म्हणाली, तर मुलांना आरसा दाखवला हे बरे झाले असे दुसरी. दोन्ही बाजूंना भरपूर बोलायला मिळाले, पण ज्याने ते प्रयोग पाहिले नव्हते अशा महाराष्ट्रातल्या कोणत्याही सुजाण माणसाला कोणाची बाजू खरी हे ठरवण्याचे साधन हाती नव्हते. कथेबाबत असा वाद झाला असता तर माणूस अंक काढून कथा वाचतो आणि आपले मत बनवतो. एकांकिकेबाबत त्याला भरत नाट्य मंदिरात त्या दिवशी हजर असलेल्या कोणावर तरी विसंबावे लागले. दर्जाची चर्चा ऐकीव माहितीवर चालवणारा दुसरा साहित्यप्रकार मराठीत सापडणे कठीण आहे.

संहिता, म्हणजे नाटकाचा लिखित पाठ, अस्तित्वातच नसते अशातला भाग नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोग करण्यापूर्वी संहितेची प्रत रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र मिळवावे लागते. परिनिरीक्षण हा सरकारी शब्द आहे, बोलीत त्याला सेन्सॉर म्हणतात, आणि अनेक स्पर्धांच्या प्रवेशिकेसोबत ते प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणजे ज्या कार्यालयाने आक्षेपार्ह शब्दांवर बोट ठेवायचे त्याच्याकडे एकांकिका पोहोचते, पण ज्या वाचकाने ती मनात घोळवायची त्याच्याकडे पोहोचत नाही. दिवाळी अंकांचे संपादकही या अपराधात सामील आहेत. कथा, कविता, लेख, राशिभविष्य आणि मुलाखती यांच्या गर्दीत एका एकांकिकेला वीस पाने देण्याची त्यांची तयारी नसते. नाटक वाचले जात नाही, हे त्यांचे ठरलेले उत्तर. छापल्याशिवाय ते वाचले जावे तरी कसे, हा प्रतिप्रश्न त्यांना सुचत नाही. कणकवलीसारख्या गावातून ‘रंगवाचा’ हे नाटकाला वाहिलेले त्रैमासिक निघू शकते, मग पुण्यामुंबईच्या जाड अंकांची अडचण कागदाची नसावी.

छापलेली एकांकिका काय करू शकते याचे उदाहरण मराठीत सर्वश्रुत आहे, तरी त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला गेलेला नाही. १९६७ साली ‘सत्यकथा’ मासिकात ‘सुलतान’ ही एकांकिका प्रसिद्ध झाली. लेखक महेश एलकुंचवार नागपुरात इंग्रजी शिकवत होते, मुंबईच्या नाट्यवर्तुळात त्यांना कोणी ओळखत नव्हते, आणि त्यांच्या मागे कोणतीही स्पर्धा, संस्था किंवा करंडक उभा नव्हता. विजया मेहता यांनी ती वाचली आणि त्यानंतर ‘सुलतान’, ‘होळी’ या एकांकिका त्यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आल्या. त्यातली ‘होळी’ आजही हातात घ्यावी. सणाची सुट्टी नाकारल्यामुळे चिडलेली महाविद्यालयातली मुले, दिवसभर साचत जाणारा आणि नेमका कोणावर आहे हे त्यांनाही न कळणारा राग, प्राचार्यांपुढे नावे सांगणाऱ्या एका मुलावर सर्वांनी तुटून पडणे आणि त्या मुलाची आत्महत्या, एवढेच तिचे कथानक आहे. लेखक कोणालाही समजावून सांगत नाही, शेवटी कोणी शहाणपणाचे बोलत नाही. सुट्टीसारख्या क्षुल्लक कारणापासून मृत्यूपर्यंतचे अंतर किती थोडे आहे, एवढे तो मोजून दाखवतो. १९८४ मध्ये केतन मेहता यांनी तिच्यावर चित्रपट केला. या साऱ्या प्रवासाची सुरुवात मासिकाच्या पानावर झाली आणि ती सुरुवात संपादकांनी व एका दिग्दर्शिकेने करून दिली. त्या जागी एखाद्या नाटककाराचे नाव लिहिता आले असते तर हे भाषण थोडे सौम्य झाले असते.

अध्यक्षांनी नव्या एकांकिकांची यादी जाहीर करावी, अशी काही मंडळींची अपेक्षा आहे. ती पुरी केली जाणार नाही, कारण कारणांशिवाय वाचून दाखवलेली दहा नावे हा आणखी एक करंडकच ठरेल. त्याऐवजी शिफारस कशी असावी याचा एक नमुना पुरेसा आहे, आणि त्यासाठी नाशिकच्या प्राजक्त देशमुख यांची ‘देवबाभळी’ घेता येईल, जी एकांकिका म्हणून जन्मली आणि २०१७ मध्ये ‘संगीत देवबाभळी’ या दोन अंकी रूपात व्यावसायिक रंगभूमीवर आली. तुकोबांना भाकरी घेऊन डोंगर चढणाऱ्या आवलीच्या पायात काटा रुततो आणि विठ्ठल स्वतः येऊन तो काढतो, ही लोकांना ठाऊक असलेली कथा. देशमुखांनी ती कथा जिथे संपते तिथून नाटक सुरू केले. पाय दुखावलेल्या आवलीची सेवा करायला रखुमाई लखूबाई बनून देहूला येते, आणि दोघींचे बोलणे सुरू होते. एकीचा नवरा देवाच्या नादी लागून संसार विसरला आहे, दुसरीचा नवरा देव आहे आणि भक्तांच्या नादी लागून तिला विसरला आहे. दोघेही रंगमंचावर येत नाहीत. एकांकिकेचे सामर्थ्य या अनुपस्थितीत आहे. विठ्ठलाला एकदा जरी प्रवेश दिला असता तर त्याची बाजू ऐकून घ्यावी लागली असती, तुकोबांना आणले असते तर प्रेक्षकांनी हात जोडले असते, आणि मग या दोन बायकांचे म्हणणे ऐकायला कोणी उरले नसते. ज्याला पात्रे वाढवण्याचा मोह आवरत नाही अशा प्रत्येक नव्या लेखकाने ही संहिता या एका गोष्टीसाठी वाचावी. दोष दाखवायचाच तर असा, की लखूबाई कोण हे प्रेक्षकाला माहीत आणि आवलीला माहीत नाही, या अंतरावर काही संवाद अंमळ जास्त वेळ रेंगाळतात, आणि टाळीसाठी थांबल्यासारखे वाटतात. २०२० च्या साहित्य अकादमी युवा पुरस्काराने या लेखनाची दखल घेतली हे उचितच झाले. परंतु अकादमीच्या आधी सहनाटककारांनी ती लेखी घ्यायला हवी होती, आणि ती कितपत घेतली याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या कात्रणांच्या वहीत पाहावा.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की नाटककारांनी एकमेकांची शिफारस केली तर कंपूशाही माजेल. कंपूशाही आज माजलेली नाही असे मानणाऱ्यांनाच हा आक्षेप शोभतो. कोणाला परीक्षक नेमायचे, कोणत्या मुलाचे नाव निर्मात्याच्या कानावर घालायचे, कोणाच्या प्रयोगाला रांगेत पुढचे आसन पकडायचे हे सारे आजही ओळखीवरच चालते. फरक इतकाच की त्याखाली सही नसते. सही करून, दोष सांगून केलेली शिफारस चुकली तर लोक पुढच्या वेळी त्या नाटककाराचे नाव पाहून हसतील, आणि हा धाक पुरेसा आहे. दुसरा आक्षेप अधिक प्रतिष्ठित भाषेत येतो: नाटक ही प्रयोगाची कला असल्याने कागदावर ते अपुरे असते. अपुरे असते हे खरेच आहे, पण ‘सुलतान’च्या बाबतीत मुंबईला पोहोचले ते तेवढेच अपुरे होते आणि ते पुरले.

एकांकिकेला शिडी समजणारी वृत्ती याच मौनाची सख्खी बहीण आहे. देवेंद्र पेम यांचे ‘ऑल द बेस्ट’ मुळात एकांकिका होते आणि १९९३ नंतर व्यावसायिक रंगभूमीवर त्याने जे यश मिळवले ते अपूर्व होते, पण तेव्हापासून दर हुशार मुलाला एकांकिका म्हणजे निर्मात्याला दाखवायचा नमुना वाटू लागला. अलीकडे रूढ झालेला दीर्घांक, म्हणजे एकांकिकेहून लांब पण मध्यंतर न घेणारा प्रकार, काही लेखकांना सापडलेली स्वतंत्र वाट आहे आणि काहींसाठी ताणलेली एकांकिका. यातला भेद सांगण्याचे काम प्रेक्षकाचे नाही.

तेव्हा या मेळाव्यापुढे ठेवायचा ठराव असा. पुढचा स्पर्धांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी येथे उपस्थित प्रत्येक नाटककाराने दुसऱ्याच्या एका नव्या एकांकिकेवर निदान दोन छापील पाने लिहावीत; ती एकांकिका स्वतःच्या संस्थेची, स्वतःच्या विद्यार्थ्याची किंवा स्वतः दिग्दर्शित केलेली नसावी, तिला बक्षीस मिळालेले नसेल तर अधिक चांगले, आणि पुण्यामुंबईबाहेरच्या, नांदेड, सावंतवाडी किंवा पणजीच्या लेखकाची असेल तर आणखी चांगले. लेखकाच्या संमतीने संहिता त्यासोबत छापावी किंवा मागणाऱ्याला प्रत कशी मिळेल ते तिथेच सांगावे. प्रयोगाची परवानगी कोणाकडे मागायची आणि मानधन किती, हेही त्याच पानावर असावे, कारण शिफारस वाचून लोक प्रयोग करतील आणि लेखकाला कळवणार नाहीत ही भीती खोटी नाही. शीर्षक बदलून, शेवट फिरवून, लेखकाच्या नावाच्या जागी ‘संकल्पना’ असा शब्द घालून दुसऱ्याची एकांकिका उभी करण्याचे प्रकार या क्षेत्रातल्या सर्वांना ठाऊक आहेत. ज्या हौशी संस्थेला मानधन परवडत नसेल तिने लेखकाला सरळ पत्र लिहून सवलत मागावी. बहुतेक लेखक ती देतात, आणि न देणाऱ्याचा तो हक्क आहे.