धरणाचा पाझर आणि त्यावरील पहारा

बुंदेलखंडात मातीच्या थराखाली कठीण खडक फार खोल नाही. पावसाचे पाणी त्यात फारसे मुरत नाही. ते वाहून जाते. म्हणूनच झाशीच्या परिसरात पाणी अडविण्याची विद्या जुनी आहे. जवळचा बरुआसागर तलाव ओरछाचा राजा उदितसिंह याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधविला. स्वातंत्र्यानंतर बेतवा नदीवर माताटीला धरण उभे राहिले. त्यात दगडी सांडव्याला जोडून मातीचे लांब भराव आहेत.

श्रोत्यांना सहज प्रश्न पडेल की, मातीतून पाणी पाझरणार नाही काय? पाझरणारच. न पाझरणारे मातीचे धरण अस्तित्वात नाही. पाण्याचा दाब जितका अधिक आणि त्याची वाट जितकी आखूड, तितका पाझर अधिक, हा नियम दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये मांडला. धरणाच्या पोटात चिकणमातीचा गाभा असतो तो ही वाट बिकट करण्यासाठी. गाभ्यामागे वाळूचा गाळणथर असतो. त्याने पाणी जाऊ द्यावे, पण मातीचा कण अडवावा. भय आहे ते पाण्याचे नव्हे, पाण्याबरोबर निघून जाणाऱ्या मातीचे. एक कण गेला की वाट रुंदावते, पाण्याचा वेग वाढतो, आणि भरावात नळीसारखी पोकळी मागे सरकत जलाशयापर्यंत पोहोचते.

मग हा पाझर ओळखावा कसा? पहिले साधन डोळे. ऐन उन्हाळ्यात, आसमंत करपलेला असताना, पायथ्याशी हिरवळीचा पट्टा दिसला तर तेथे ओल आहे हे निश्चित. दुसरे साधन मोजमाप. पायथ्याच्या चरात इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या खाचेची पट्टी बसवितात. खाचेतील पाण्याची उंची दुप्पट झाली, तर प्रवाह सुमारे साडेपाच पट झालेला असतो. भरावात रोवलेल्या नळ्यांतील पाण्याची पातळी आतील दाब सांगते. पाण्याची वाट शोधण्यासाठी जलाशयात रंग सोडून तो पायथ्याशी कोठे उमटतो हे पाहतात. ओली माती विजेला कमी विरोध करते, म्हणून जमिनीत वीज सोडूनही ओलीचा माग लागतो. अलीकडे काचतंतूंच्या साहाय्याने भरावातील तापमान मोजतात. जेथून पाणी वाहते तेथील तापमान बदलते.

परंतु एकट्या आकड्याला अर्थ नसतो. जलाशय तुडुंब असता पाझर वाढणे स्वाभाविक आहे. पातळी तीच राहून पाझर वाढला, किंवा स्वच्छ पाणी गढूळ झाले, तर तो इशारा होय. म्हणून नोंदवही सलग असावी लागते.

तिची किंमत मोठी आहे. १९६७ च्या सप्टेंबरात, त्या वेळच्या उत्तर प्रदेशातील तराई भागात, नानकसागर धरण पायाखालील पाझरामुळे फुटले. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले आणि घरे माणसांसकट वाहून गेली. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पाहणी व मापनयंत्रे बंधनकारक केली आहेत. तथापि पट्टीवरचा आकडा वाचणारा, आणि वाढलेल्या आकड्याची त्याच दिवशी दखल घेणारा माणूस नसेल, तर यंत्र मुकेच राहते. धरण एकदा बांधून होते. त्याचा पहारा मात्र कधी संपत नाही.