अल्पमोली, बहुगुणी



बंगळूर शहराच्या आग्नेय भागात एचएसआर लेआउट नावाची वसाहत आहे. होसूर, सर्जापूर आणि रस्ता ह्या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून हे नाव सिद्ध झाले. नव्या उद्योगांची कार्यालये आणि त्यांत राबणाऱ्या तरुणांची बिऱ्हाडे तेथे शेजारीशेजारी नांदतात. पुण्या-कोल्हापुराकडून, नागपुराकडून गेलेली मराठी मुलेमुलीही त्यांत आहेत. दिवसभर पडद्यासमोर बसून काम करावयाचे आणि रात्री विरंगुळाही पडद्यावरच शोधावयाचा, असा ह्या पिढीचा क्रम. वडीलधाऱ्यांना तो रुचत नाही. परंतु खेळ हा केवळ वेळ दवडण्याचा मार्ग नव्हे, हे आपल्या पूर्वजांनीच जाणले होते. ज्या मोक्षपटाचा संबंध परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते, त्या पटावर साप आणि शिड्या ह्यांच्या मिषाने पापपुण्याचा विचारच मांडलेला होता. तेव्हा प्रश्न खेळावे की न खेळावे हा नसून, काय खेळावे हा आहे.

पडद्यावरील खेळांतही दोन कुळे आहेत. एक कुळ मोठ्या भांडवलाचे. तेथे शेकडो माणसे वर्षानुवर्षे खपतात आणि जाहिरातीवर अमाप पैसा ओतला जातो. दुसरे कुळ एकट्यादुकट्या कारागिराचे किंवा चारसहा सोबत्यांचे. ह्या दुसऱ्या कुळाला ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र, असे म्हणतात. अमेरिकेच्या एरिक बॅरोन ह्या तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने राबून ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ रचला. चित्रे त्याची, संगीत त्याचे, कथाही त्याचीच. 2016 साली तो प्रसिद्ध झाला आणि लक्षावधी लोकांनी त्यातली काल्पनिक शेते नांगरली. लुका गालांते ह्यांनी 2021 साली ‘व्हँपायर सर्व्हायव्हर्स’ हा खेळ तीन डॉलरांहूनही कमी किमतीत विक्रीस ठेवला. पुढे 2023 साली ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेने त्यालाच वर्षातील सर्वोत्तम खेळ ठरविले. किंमत आणि गुण ह्यांचे नाते आपण समजतो तितके सरळ नाही, हेच ह्यावरून दिसते.

मात्र स्वस्ताईच्या बाजारात रत्नापेक्षा गारगोटीच अधिक. संगणकावरील खेळांची सर्वांत मोठी पेठ म्हणजे ‘स्टीम’. तेथे 2024 ह्या एका वर्षात अठरा हजारांहून अधिक नवे खेळ आले. म्हणजे दर दिवशी सुमारे पन्नास! ह्या गर्दीत चांगले ओळखावे कसे? पहिला उपाय चाखून पाहण्याचा. ह्या पेठेत वर्षातून काही वेळा ‘नेक्स्ट फेस्ट’ नावाची जत्रा भरते आणि येऊ घातलेल्या शेकडो खेळांचे नमुने विनामूल्य खेळावयास मिळतात. दुसरा उपाय परताव्याचा. विकत घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत, आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल तर, परत करता येतो. तिसरा उपाय धीराचा. मोसमी विक्रीत किमती उतरतात, तोवर थांबावे. चौथा उपाय प्रतिकूल अभिप्राय वाचण्याचा. स्तुतीपेक्षा तक्रारच पुष्कळदा अधिक सांगते. कोणी ‘हा फार संथ आहे’ म्हणून कुरकुरत असेल, तर शांत स्वभावाच्या माणसाने तो अवश्य घ्यावा! आणखी धाडसी रसिकांसाठी ‘इच’ हे 2013 साली निघालेले दालन आहे. तेथील कित्येक खेळांचे मोल ग्राहकाने आपल्या खुशीने ठरवावयाचे असते.

आता काही नावे सांगतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या छोट्या चमूने 2020 साली ‘राजी’ हा खेळ आणला. राक्षसांनी पळविलेल्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी, भोवती राजस्थानी धर्तीचे वाडे आणि भित्तिचित्रे, आणि निवेदक कोण, तर दुर्गा आणि विष्णू! त्याच वर्षी जागतिक ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये नवोदितांच्या पारितोषिकासाठी त्याचे नामांकन झाले. गोव्याच्या फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्हचा ‘फरगॉटन फील्ड्स’ हा 2021 मधला खेळ. बालपणीचे घर विकले जाण्यापूर्वी तेथे अखेरचे जाणाऱ्या लेखकाची ती कथा आहे. टोरांटोच्या व्हिसाई गेम्सचा ‘वेण्बा’ 2023 मधला. कॅनडात स्थायिक झालेली तमिळ आई फाटक्या वहीतील पाककृती जुळवीत असते आणि तिचा मुलगा हळूहळू भाषेपासून दूर जात असतो. दीडएक तासात संपणारा हा खेळ. पण घर सोडून परगावी राहणाऱ्या कोणाच्याही मनात तो दीर्घकाळ रेंगाळेल. त्यालाही बाफ्टाचे पदार्पणाचे पारितोषिक मिळाले. आणि ज्याला पत्त्यांची गोडी आहे त्याने 2024 चा ‘बालाट्रो’ पाहावा. एका अनामिक कॅनेडियन कारागिराची ती करामत आहे.

कोणी विचारील, फुकट खेळ ढीगभर असताना पैसे का मोजावेत? फुकट खेळ बहुधा आपले मोल अन्य वाटेने वसूल करतो: कधी जाहिरातींनी, कधी पावलोपावली खरेदीचा मोह घालून. पैशांची बाजी लावण्याच्या खेळांनी तर कित्येक संसार पोळले. 2025 साली केंद्र सरकारला कायदा करून अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालावी लागली. प्रामाणिक कारागीर मात्र आपली किंमत दारातच सांगतो आणि पुढे हात पसरीत नाही. त्याला ग्राहक मिळाला नाही, तर तो दुसऱ्या एखाद्या कचेरीत चाकरी धरील आणि त्याच्या मनातला पुढचा खेळ मनातच राहील. तमिळ आईच्या स्वयंपाकघराची गोष्ट जगाने ऐकली. वऱ्हाडातल्या किंवा कोकणातल्या एखाद्या घराची गोष्ट ह्या माध्यमातून मराठीत सांगणारा कोणी उद्या पुढे आला, तर त्याच्या पाठीशी असे रसिक उभे राहावेत, ज्यांना चार घटका खेळणे हाही एक संस्कार वाटतो.

नाटकाचे तिकीट काढून आणि पुस्तक विकत घेऊन मराठी रसिकाने आजवर कलावंताला जगविले आहे. तोच हात ह्या नव्या कलेच्या कारागिरासाठीही थोडा सैल सुटावा, एवढेच सांगावयाचे होते.